खारपाणपट्ट्यातून विद्यापीठात : एका विद्यार्थिनीची दोन वर्षं

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम विदर्भातल्या एका विद्यार्थिनीचं आहे. 2023 साली तिने विद्यापीठाच्या विभागात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि 2025 मध्ये ती बाहेर पडली. प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार शिक्षक नेमून देतात, त्या मेंटॉर-मेंटीच्या यादीत ती माझ्याकडे होती. मी तिला शिकवत नव्हतो, माझा विभाग वेगळा. तिच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, विद्यापीठ आणि माणसं यांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

तिचं गाव दर्यापूर-अकोटच्या बाजूचं, पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं. म्हणजे खारपाणपट्टा. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्या पाण्याभोवतीच फिरतं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरलेला आहे. खोल काळी गाळाची जमीन, नजर जाईल तिथवर सपाट, आणि जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खोदली तरी ओलित होत नाही. ते पाणी पिकाला देत राहिलं तर जमीनच बिघडते. म्हणून सगळी कास्तकारी पावसावर. मूग, पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, आणि पाऊस सरल्यावर जमिनीतल्या ओलीवर हरभरा. प्यायचं पाणी लांबच्या धरणावरून नळाने येतं. नळ आला नाही की लोक हातपंपाकडे वळतात.

घरी चार एकर कोरडवाहू वावर, आई-वडील आणि बारावीतला भाऊ. तालुक्याच्या कॉलेजातून ती बी.एस्सी. झाली. पदव्युत्तर शिक्षणाला घराबाहेर पडलेली घरातली ती पहिलीच.

अडचण

वर्ग सुरू झाले तेव्हा वसतिगृहाची यादी लागायची होती. तोवर ती गावाहून जाणं-येणं करायची. सकाळच्या एसटीने तालुक्याला, तिथून दुसऱ्या गाडीने शहरात. मार्च 2023 पासून महिलांना एसटीचं अर्धं तिकीट आहे आणि विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर त्याहून जास्त, 66.67 टक्के सवलत मिळते, त्यामुळे प्रवास खिशाला परवडत होता. वेळेचं गणित मात्र जमत नव्हतं. परतीची गाडी चुकली तर तालुक्याहून गावाकडे जाणारी शेवटची गाडीही चुकणार, म्हणून ती दुपारच्या प्रॅक्टिकलमधून अर्ध्यातच निघायची. उरलेली रीडिंग जोडीदाराच्या वहीतून उतरवून घ्यायची. बी.एस्सी.त एकवेळ हे चालून जातं. एम.एस्सी.त हात प्रयोगातच तयार होतो, वहीतून होत नाही.

दिवाळीनंतर खोली मिळाली, पण दिनक्रम फारसा बदलला नाही. शुक्रवारी संध्याकाळी गावाला आणि सोमवारी दुपारी परत. त्या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते आणि मजूर मिळत नाहीत, तेव्हा घरची पोरगी दोन दिवस हाताशी आली तर आईला मोठा आधार. उरलेले चार दिवस तास झाले की ती थेट ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत जाऊन बसायची, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन. प्रवेशाच्या सुमारासच तिने तलाठी भरतीची परीक्षा दिली होती. खोलीतली दुसरी मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्याकडच्या अभ्यासिकेत सकाळी सातला पाण्याची बाटली आणि दप्तर ठेवून जागा धरावी लागते, इतकी गर्दी असते. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर विषयाची नियतकालिकं आहेत आणि तिथल्या खुर्च्या दिवसभर रिकाम्या असतात. हे चित्र विदर्भातल्या कुठल्याही विद्यापीठाला ओळखीचं असेल. पुष्कळ मुलं पदव्युत्तर प्रवेश घेतात ते वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि अभ्यासिकेतली जागा यांसाठी. त्यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. घरून दोन वर्षांचा वेळ मिळवायचा तर तोच एक रस्ता त्यांना दिसतो.

वर्गात ती बोलत नसे. सेमिनार इंग्रजीत द्यायचा असे. तिचा विषय तयार असायचा, पण पहिली दोन वाक्यं पाठ म्हणून झाली की ती अडायची. अंतर्गत गुण तिथेच कमी झाले. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर निघालेला नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊन ती माझ्याकडे आली. सही हवी होती. घरातून दबाव होता असं म्हणावं तर वडील फक्त एवढंच म्हणाले होते, "येक तं इकडचं कर, नाई तं तिकडचं." पाहुणे मुलगी पाहायला येणार असल्याची बोलणी नात्यात सुरू झाली होती. त्याबद्दल ती फार बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

समोर असलेले पर्याय

सही करण्याआधी मी तिला मागचा आठवडा तासागणिक कागदावर लिहायला सांगितला. त्या कागदाने माझं बोलणं सोपं केलं. प्रवास, वेचणी, अभ्यासिका, मेस, तास. प्रयोगशाळेत सक्तीच्या वेळेपलीकडे एक मिनिट नाही. विषयाच्या पुस्तकाला तास नाही. कोणत्याही प्राध्यापकाशी वर्गाबाहेर बोलणं नाही. विद्यापीठात राहून विद्यापीठाला तिने अजून हातच लावला नव्हता, आणि तो कुठे लावायचा हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं. विभागात फ्लेम फोटोमीटर आहे, त्यावर पाण्यातलं सोडियम मोजता येतं, हे तिला माहीत नव्हतं. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर फुकट वाचायला मिळतात हेही नाही.

मग आम्ही पर्याय मांडले.

पहिला, अर्जावर सही घेऊन घरी जाणं आणि जूनमध्ये बी.एड.ला प्रवेश. नात्यातल्या दोन मुलींनी तेच केलं होतं. खर्च कमी, गावाजवळ, घरचे खूश. पण शिकवायची तिला आवड नव्हती. हे तिनेच सांगितलं, आणि एवढं एकच वाक्य ती त्या दिवशी ठामपणे बोलली.

दुसरा, प्रवेश नावापुरता चालू ठेवून पूर्ण वेळ स्पर्धा परीक्षा. हा पर्याय हलका नव्हता. तिच्या खोलीतल्या मुलीने तोच धरला होता आणि ती शिस्तीने मैदानावर जात होती. पण तिचं लक्ष्य एक होतं आणि शरीर त्यासाठी तयार होतं. आपल्या विद्यार्थिनीचं तसं नव्हतं. आज तलाठी, उद्या राज्यसेवा, परवा जिल्हा परिषद. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी 10 लाखांवर अर्ज आले होते. हा आकडा तिलाही माहीत होता, फक्त स्वतःच्या दोन वर्षांशी तिने तो जोडून पाहिला नव्हता.

तिसरा, एक वर्षभर दिवस विभागाला द्यायचा, परीक्षेचा अभ्यास पहाटे दोन तास, त्याहून जास्त नाही, आणि गावाला दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी. यात धोका उघड होता. परीक्षाही हातची जाईल आणि एम.एस्सी.चंही काही होणार नाही, असं घडू शकत होतं. शिवाय आईच्या मदतीचं काय, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नव्हतं.

चौथा पर्याय तिने स्वतः काढला. विषय बदलून मराठीत एम.ए. त्यामागे इंग्रजीची भीती होती. ते ओळखून तिनेच तो खोडला.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. अर्ज माझ्या टेबलावर ठेवून ती गावाला गेली.

काय केलं

गावी ती चार दिवस राहिली आणि आईशी बोलली. आईने वाट सोपी केली. पोरगी दर शुक्रवारी येते ती थकून येते, दोन दिवस वेचायला उतरते आणि सोमवारी पुन्हा गाडीत बसते. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत सलग राहा, मुगाच्या तोडणीला चार दिवस ये, बाकी तिकडेच थांब. शेतीच्या वेळापत्रकात विद्यापीठाचं वेळापत्रक आईने बसवलं. मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय तो होता, आणि तो आमच्या कुणाच्या सल्ल्याने झाला नाही.

परत आल्यावर तिने तिसरा पर्याय घेतला. अर्ज फाडला.

सुरुवात सेमिनारपासून केली. तिच्या एका प्राध्यापकांना मी जाऊन भेटलो. मुलीला विषय समजतो, भाषा अडवते, एवढंच सांगितलं. त्यांनी पुढचा सेमिनार मराठीत घ्यायला परवानगी दिली, पारिभाषिक शब्द इंग्रजी ठेवून. तिने त्या दिवशी बफर द्रावणावर वीस मिनिटं न थांबता सांगितलं. तिसरा सेमिनार तिने इंग्रजीत दिला, तोही कुणी न सांगता. भाषेची पायरी अशी मधून घेतली तर मुलं ती चढतात, हा माझा अनुभव इतर विद्यार्थ्यांबाबतही तसाच आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला 4 श्रेयांक असतात, म्हणजे 120 तास. वर्गातल्या पुष्कळांनी ते जवळपासच्या ओळखीच्या ठिकाणी उरकले. तिने पाणी तपासणीची उपविभागीय प्रयोगशाळा निवडली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या अशा प्रयोगशाळा जिल्ह्याखालच्या पातळीवरही चालतात, गावोगावचे नमुने तिथे येतात. पत्र मिळवायला तिला बऱ्याच चकरा माराव्या लागल्या. इथे तिला सोडून द्यावंसं वाटलं होतं. ती टिकली, कारण तिच्या स्वतःच्या गावाचे नमुने त्याच प्रयोगशाळेत येतात हे तिला कळलं होतं.

तिथल्या पहिल्या आठवड्यातला एक प्रसंग तिने मला सांगितला. क्लोराइड मोजायला पाण्याच्या नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकतात आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, सिल्व्हर नायट्रेट सोडत जातात. पिवळा रंग विटकरीकडे झुकला की थांबायचं. कॉलेजात नळाच्या पाण्यावर हे काही मिलिलिटरमध्ये होतं. इथे खारपाणातल्या एका हातपंपाचा नमुना घेतला आणि ब्युरेट पूर्ण उतरली तरी पिवळा हलेना. तिला वाटलं द्रावण खराब आहे. दुसऱ्यांदा भरलं, तेही संपलं. मग तिथल्या ताईंनी नमुना दहापट पातळ करून दिला आणि म्हणाल्या, आता कर, आणि आलेल्या आकड्याला दहाने गुण. पुस्तकात डायल्युशन फॅक्टर तिने अनेकदा वाचला होता. तो कशासाठी असतो हे त्या हातपंपाने शिकवलं.

तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला संशोधन प्रकल्प असतो, अनुक्रमे 4 आणि 6 श्रेयांकांचा. विभागात चालू असलेला विषय नॅनोकणांचा होता. रसायनं तयार, पद्धत बसलेली, निकाल हमखास. तिला गावातल्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यावर काम करायचं होतं. मार्गदर्शक आधी राजी नव्हते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाण्याच्या तपासणीवर असंख्य प्रबंध झालेत, नवीन काय? ती शोधगंगेवर पूर्णेच्या खोऱ्यावरचे जुने प्रबंध वाचून गेली आणि तिने विचारलं, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याच त्या ठिकाणचं पाणी किती बदलतं, एवढंच पाहिलं तर? मार्गदर्शक तयार झाले, एका अटीवर. तिला अहवालात गावातल्या किडनीच्या आजारांचा संबंध पाण्याशी जोडायचा होता, कारण गावात सगळे तेच बोलतात. मार्गदर्शकांनी ते काढायला लावलं. पाण्याची रासायनिक तपासणी ही रोग्यांची तपासणी नव्हे, जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. ती दोन दिवस नाराज होती. मला तो नियम तिच्या सगळ्या एम.एस्सी.तला सर्वांत मोलाचा धडा वाटतो.

गावात नमुने घ्यायला ती भावाला सोबत घेऊन फिरली. हातपंप आधी काही वेळ चालवून साचलेलं पाणी काढायचं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, चिठ्ठीवर ठिकाण आणि वेळ लिहायची. पारावर बसलेल्या एका आजोबांनी तिला विचारलं, "पोरी, पानी खारं हाये हे सांग्याले एवढं शिका लागते काय? आमाले तं आजापासून मालूम हाये." तिने उत्तर दिलं ते मला आवडलं. कुठल्या हातपंपाचं किती खारं आहे आणि कुठलं त्यातल्या त्यात बरं, हे नाही ना मालूम, आबाजी.

निष्पत्ती

राहिलेला पेपर दुसऱ्या वेळी निघाला. अंतिम निकाल चांगला आला, वर्गात पहिली वगैरे नाही. प्रकल्प तिने विद्यापीठाच्या पातळीवर 'आविष्कार' संशोधन महोत्सवात मांडला. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने 2006 पासून ही स्पर्धा होते. पुढच्या फेरीसाठी निवड झाली नाही. परीक्षकांनी उपाय काय, असं विचारलं आणि तिच्याकडे उत्तर अर्धंच होतं.

तिच्या मोजणीत काही ठिकाणी विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला 2000 मिलिग्रॅमच्या वर आढळलं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते 500 पर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. ग्रामसभेत तिने ठिकाणांची यादी वाचून दाखवली. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं असतं आणि त्यासाठी किट दिलेलं असतं. तिच्या गावात ते किट कपाटात सीलबंद होतं. तिने ते उघडून बायकांना शिकवलं. काही महिने तपासणी चालली, मग त्यातल्या रसायनांची मुदत संपली आणि नवीन आली नाहीत. आज ती बंद आहे.

सध्या ती एमआयडीसीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत सांडपाण्याच्या तपासणीचं काम करते. मुलाखतीत तिला टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटने थेंब थेंब सोडून करायची तीच मोजणी, करून दाखवायला सांगितलं होतं. पगार मोठा नाही, पण तो तिचा आहे आणि लग्नाची बोलणी तिच्या सांगण्यावरून पुढे ढकलली गेली आहेत. खोलीतली मैत्रीण पोलीस भरतीत निवडली गेली. तिने घेतलेला रस्ता तिच्यासाठी बरोबरच होता. दोघींत फरक इतकाच की मैत्रिणीला आपलं ध्येय पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहाटेचे दोन तास चौथ्या सेमिस्टरला टिकले नाहीत. परीक्षेचा फॉर्म भरला, पण ती गेली नाही. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तिथे असा तुकड्यातला अभ्यास पुरला नसताच. दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटीच तिने परीक्षा दोन वर्षांसाठी बाजूला ठेवली असती तर वर्षभर मनात जी बोच राहिली ती राहिली नसती. हे तिचंही मत आहे.

वसतिगृहाची यादी तास सुरू होण्याआधी लागायला हवी. खेड्यातल्या मुलामुलींचे पहिले दोन महिने गाडीत जातात आणि मागे पडल्याची भावना तिथेच रुजते. ज्यांना खोली मिळाली नाही त्यांच्यासाठी विभागाने प्रॅक्टिकल सकाळच्या सत्रात ठेवलं असतं तरी निम्मा प्रश्न सुटला असता. त्याला शासन निर्णय लागत नाही, विभागाची एक बैठक पुरते.

पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना उपकरणांची खोली, नियतकालिकांचा मजला आणि शोधगंगा प्रत्यक्ष दाखवली पाहिजे. पुस्तिका छापून भागत नाही, सोबत चालत जावं लागतं. पालकांनाही एकदा बोलवावं. तिच्या वडिलांनी प्रयोगशाळा पाहिली ती थेट निकालाच्या दिवशी. पोरगी दिवसभर नेमकं काय करते हे आधी कळलं असतं, तर "इकडचं का तिकडचं" हा प्रश्न कदाचित वेगळा पडला असता.

आणखी एक बाब वेळापत्रकाची. प्रकल्पाचा विषय रीतसर तिसऱ्या सेमिस्टरला, म्हणजे पावसाळ्यात मिळतो. पाण्यावर, मातीवर किंवा पिकावर काम करणाऱ्याला मात्र मे महिन्यातला नमुना लागतो, आणि तो एकदा हुकला तर थेट वर्षाने येतो, तोवर एम.एस्सी. संपलेली असते. तिचं जमलं ते मार्गदर्शकांमुळे. विषय मंजूर व्हायच्या आधीच, ट्रेनिंग चालू असताना, त्यांनी तिला सांगितलं की नमुने आत्ता घेऊन ठेव, कागदपत्रं मागाहून पाहू. सगळ्यांना असे मार्गदर्शक मिळतील असं नाही. त्या विभागाने यंदापासून क्षेत्रकामाचे विषय एप्रिलमध्येच ठरवायला घेतले आहेत, आणि उन्हाळी नमुन्यांसाठी बाटल्या, बर्फाची पेटी आणि प्रवासखर्च विभागातून मिळावा असा प्रस्ताव पाठवला आहे. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.